जामचा शिक्का

पिपरी मेघे, वर्धा
१५ डिसेंबर २०२४

आदरणीय मामाजी,
सप्रेम जयभीम.

फोनवर गाडीचा विषय काढताच तुम्ही "पत्र लिही" म्हणालात आणि फोन ठेवून दिलात. मी आईकडे पाहिलं, तर ती हसून राह्यली. म्हणाली, "आमच्या बाबाची बोरगावची जागा तोंडी शब्दावर गेली, तवापासून आपल्या घरी व्यवहार कागदावरच होते. फोनवर फक्त तब्येत इचारायची." तर घ्या कागद. तुमच्या तब्येतीचं फोनवर विचारून झालेलं आहे.

तुमची पांढरी गाडी हैदराबादला वर्षभर झाकून उभी आहे, असं तुमच्या धम्मदीपदादाकडून कळलं. ती मला हवी आहे. विकत हवी आहे, मामाजी. भाचीला फुकट देतो वगैरे लिहिलंत तर पत्र परत पाठवीन, तेही तिकीट न लावता, नॉट पेड.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. लकवा मारलेल्या लोकांच्या घरी जाऊन त्यांचा व्यायाम घेते. शेकायची मशीन, पट्टे, वजनं, सगळं स्कूटीवर. मागच्या महिन्यात सेलूच्या रस्त्यावर मशीन पडली आणि तिचा कोपरा फुटला. सगळ्यात लांबचा पेशंट जामचा, प्रभाकरराव. चौफुलीवर किराण्याचं दुकान आहे. उजवी बाजू गेली. असल्या माणसाचे पहिले सहा-आठ महिने सोन्याचे असतात. तेवढ्यात हातपाय जागे झाले तर झाले. मला त्यांच्याकडे आठवड्यातून तीनदा जायला पाहिजे, आणि स्कूटीवर पंचेचाळीस किलोमीटर जाऊन तेवढंच परत यायचं म्हणजे माझीच कंबर पेशंट होते.

एक अडचण ऐकून आहे. तेलंगणाची गाडी इथं आणली की महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो म्हणतात. खरं का?

तुमची,
जागृती

*

हैदराबाद
२८ डिसेंबर २०२४

चि. जागृतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. 'नॉट पेड' वाचून बरे वाटले. टपाल खात्यातल्या माणसाची भाची शोभतेस.

गाडी तुलाच. किंमत तू ठरव, त्याहून एक रुपयाही जास्त घेणार नाही.

टॅक्सचे विचारशील तर माझा पारा चढला होता. २०१८ साली मी टॅक्स एकरकमी भरला, गाडीच्या अख्ख्या आयुष्याचा. पावती फाइलमध्ये आहे. हैदराबादेत तिकीट लावून टाकलेल्या पत्राला वर्ध्याचा पोस्टमन दारात दुसरे तिकीट मागतो का? नाही मागत. मग गाडीला का मागावे? हे मी इथल्या आरटीओ ऑफिसात बोलूनही दाखवले. साहेबाने ऐकून घेतले, पाणी दिले आणि सांगितले की मागतात. प्रत्येक राज्याचा रस्ता वेगळा, टॅक्स वेगळा. इथल्या उरलेल्या वर्षांचा टॅक्स अर्ज करून परत मागता येतो, तो माझा उद्योग. तिथला तू भर.

त्याला लागेल ते असे. इथल्या ऑफिसची एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला हरकत नाही असा कागद. त्याचा अर्ज मी दिला. गाडीचे मूळ बिल, कारण टॅक्स त्या किमतीवर आणि गाडीच्या वयावर ठरतो. ते आहे. आणि चेसिसच्या नंबराचा पेन्सिलछाप. लोखंडात कोरलेल्या नंबरावर कागद धरायचा आणि पेन्सिल घासायची, शाळेत नाण्यांचे छाप काढायचो तसे. तो मीच काढला. तसला नंबर डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतो.

माझी अट एकच. गाडी मी स्वतः चालवत आणून देईन. लिहून देतो आहे.

अक्षर मोठे येते आहे, पेन नवा आहे.

प्रेमदास

ता.क. – एनओसी आली, तारीख १० जानेवारी. पत्र टाकायचे राहून गेले होते, म्हणून ही ओळ वाढवली. लवकरच निघतो.

*

पिपरी मेघे
२० एप्रिल २०२५

मामाजी,
जयभीम.

'लवकरच निघतो' हे वाचून तीन महिने झाले. मध्ये मी दोन पत्रं टाकली, त्यांना उत्तर म्हणून एकेक कार्ड आलं. दोन्हीवर एकच शब्द, 'येतो'. धम्मदीपदादाला फोन केला तर तो म्हणतो, "बाबालेच इचार." तुम्हाला विचारावं तर तुम्ही फोनवर फक्त तब्येतीचं बोलता!

आता राग आला आहे, तो लिहूनच काढते. गाडी द्यायची नसेल तर सरळ सांगा. कोणी जास्त भाव देत असेल तर तेही सांगा, मी मनाला लावून घेणार नाही. (घेईन. पण दाखवणार नाही.) मशीनचा फुटलेला कोपरा पट्टीने बांधून फिरते आहे. जामची फेरी आठवड्यातून एकावर आली. प्रभाकररावांचा पाय भिंतीला धरून उभं राहण्यापर्यंत आला होता, तो पुन्हा सुस्तावला. त्यांच्या बायकोनं, मंदाबाईंनी, परवा विचारलं, "ताई, गाडी येऊन राह्यली होती नं तुमची?" मी स्कूटी सुरू केली.

आई म्हणते एवढं कडक लिहू नको. मी पाकीट आधीच चिकटवलं आहे.

जागृती

*

हैदराबाद
२ मे २०२५

चि. जागृतीस,

तुझे पत्र दोनदा वाचून घेतले. भाव कोणी जास्त दिला नाही.

१६ मेला पोचतो. वर्ध्याचा फाटा हिंगणघाटलाच लागतो, पण मी जामपर्यंत येणार. माझी पहिली नोकरी जामच्या डाकघरातली. चौफुलीवर उभी राहा.

प्रेमदास

*

(पोस्टकार्ड)

जाम
१६ मे २०२५

चि. जागृतीस,

टीएस ०७, शेवटचे अंक ४४१६. आज सकाळी सीमा ओलांडून जामला सुखरूप. किलोमीटर ६१,४०८.

तू समोरच्या टपरीवर चहा पीत उभी आहेस, तरी लिहितो. प्रवासाचे कार्ड टाकायचेच. नियम तो नियम.

प्रेमदास

*

पिपरी मेघे
६ जून २०२५

आदरणीय मामाजी,
सप्रेम जयभीम.

तुमचं कार्ड तुम्ही गेल्यावर तीन दिवसांनी आलं. मी आणि आई पोट धरून हसलो. माणूस आला, चहा प्याला, दोन तास बसला, धम्मदीपदादासोबत एसटीने परत गेला, आणि मग त्याचं कार्ड येतं की मी सुखरूप पोचलो! आईनं ते स्वयंपाकघराच्या दारामागच्या तारेला टोचून ठेवलं, विजेच्या बिलांवर.

आता खरं कारण. ते हसण्यासारखं नाही.

काल जामहून येताना तपासणीच्या पथकानं गाडी थांबवली. बाहेरच्या राज्याची पाटी पाहून कागद मागितले. मी सगळी फाइल दिली. टॅक्स भरायची मुदत अजून आहे, गाडी येऊन वीसच दिवस झाले, पुढच्याच आठवड्यात भरायचा आहे, असं सांगितलं. साहेब भले होते, आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "वीस दिवस झाले हे कशावरून? एनओसी तर जानेवारीची आहे. पाच महिन्यांपासून गाडी इथं बिनटॅक्सची फिरते असं आम्ही का समजू नये?"

मी म्हटलं, टोलची पावती आहे. धम्मदीपदादानं केळापूरच्या नाक्यावर रोख भरले होते, फास्टॅगचं केवायसी राहिलं होतं म्हणून. ती पावती मी जपून समोरच्या काचेजवळ ठेवली होती. काढली, तर मामाजी, कागद कोरा! वर्ध्याचं ऊन वीस दिवस त्यावर पडलं, सगळी छपाई उडाली. साहेबांनी तो कागद उजेडात धरला, उलटा केला, मला परत दिला.

गाडी अडकवून आरटीओच्या आवारात लावली आहे. आठ दिवसांत गाडी कधी आली त्याचा पुरावा आणायचा. नाही तर जानेवारीपासूनचा हिशोब, दंड आणि केस. तेवढं माझ्याकडे नाही. मग गाडी विकूनच सुटका, असं आवारातल्या दोघातिघांनी सांगितलं. मशीन स्कूटीवर परत आली.

एक गोष्ट लपवणार नाही. तिथंच बाहेर बंडूजी नावाचे एजंट भेटले. "ताई, काऊन टेन्शन घेऊन राह्यल्या? तारीख बोला. मे महिन्याचं पेट्रोलचं बिल आणून देतो, सीमेवरच्या पंपाचं. सगळेच देतात." आई म्हणाली, "घेऊन टाक नं. आपण काय खोटं बोलून राह्यलो? गाडी मे मध्येच आली. एका चिठ्ठीनं कोणाचं काय जाते?" मी बंडूजींना हो म्हणून आले आहे. सोमवारी बिल मिळेल.

तुम्हाला न सांगता करता आलं असतं. पण व्यवहार आहे, म्हणून लिहिते आहे. स्पीड पोस्टने.

जागृती

*

हैदराबाद
८ जून २०२५

चि. जागृतीस,

बिल घेऊ नकोस. सोमवारच्या आत पत्र पोचणार नाही म्हणून धम्मदीपला सांगून फोन लावला. नियम मोडून फोनवर व्यवहाराचे बोललो. तुझा फोन लागला नाही म्हणून तुझ्या आईला, कांताला सांगितले, पण तिने तुला नीट सांगितले की नाही ठाऊक नाही, म्हणून लिहूनही ठेवतो.

छत्तीस वर्षे मी सकाळी ऑफिस उघडल्यावर पहिले काम एकच केले. तारखेच्या शिक्क्यातले कालचे आकडे काढायचे, आजचे बसवायचे, आणि पहिला ठसा वहीत उमटवून खाली सही करायची. मग दिवसभराची पत्रे. एकदा एका बड्या माणसाने आदल्या दिवशीचा शिक्का मागितला होता. टेंडरची मुदत गेली होती त्याची. मी म्हटले, कालचे आकडे डबीत गेले. त्याने माझी बदली करवली. बदली घेतली, शिक्का दिला नाही. आणि आता माझ्याच गाडीसाठी माझी भाची खोटी तारीख लावणार?

तुझ्या आईला सांग, कोणाचे काय जाते ते मला विचार.

आता ऐक. स्वयंपाकघरात जा. दारामागची तार बघ. विजेच्या बिलांवर माझे कार्ड आहे ना? त्यावर जामच्या डाकघराचा शिक्का आहे. तारीख आहे. गाडीचा नंबर आहे. किलोमीटर आहेत. त्या खात्याची शाई उन्हाने उडत नाही. ते घेऊन जा आणि मान वर करून जा.

प्रेमदास

जागृतीताई, मी रोशनी, धम्मदीपची बायको. हे पत्र बाबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. मेच्या पत्रात त्यांनी फक्त सही केली होती. आज ते मला मध्येच थांबवून म्हणाले, "हेही लिही, नाई तर तिले वाटन का मामानं जास्त भावासाठी गाडी रोखून धरली होती." म्हणून लिहिते. जानेवारीत बाबांच्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू निघाला. ऑपरेशन झालं. डाव्यानं आता काही दिसत नाही, उजव्यानं उजेड आणि सावली. तुम्हाला गाडी स्वतः चालवत आणून देईन असं त्यांनी लिहून दिलं होतं. यांनी कितीदा म्हटलं, मी नेऊन देतो. बाबांचं एकच, "मी लिहून देल्लं हाय. डोळा सुधरू दे, मग जाऊ." तुमचं एप्रिलचं पत्र त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "धम्मदीप, चल. तूच चालव." जामच्या पोस्टात ते कार्ड त्यांनी स्वतः लिहिलं, बोटानं ओळ धरून. किलोमीटरचा आकडा तेवढा यांनी वाचून सांगितला.

*

पिपरी मेघे
१९ जून २०२५

मामाजी,

आधी रोशनीवहिनींनी लिहिलं त्याबद्दल बोलते. जामला तुम्ही बाजूच्या सीटवरून काळा चष्मा लावून उतरलात आणि मी दात काढून म्हटलं, "काहो मामाजी, चालवत आणणार होते नं? हीरो बनून बाजूले बसले!" तुम्ही म्हणालात, पाठ दुखते. मी रोज माणसांच्या हातापायांतलं बळ तपासते आणि माझ्या मामाची नजर मला कळली नाही. एप्रिलचं ते पत्र जाळून टाकावंसं वाटतं, पण ते तुमच्याकडे आहे. तुम्ही जाळा. मला खूप रडू आलं. आई तर दोन दिवस जेवली नाही.

आता रडणं बंद. बातमी ऐका. वहिनी, हे मोठ्यानं वाचा, दार उघडं ठेवून वाचा, शेजाऱ्यांना ऐकू द्या.

आम्ही जिंकलो!

आईनं तुमचा निरोप दिला होता. शब्दही न गाळता दिला, शिव्यांसकट. बंडूजींना मी नको म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "पोस्टकार्ड? ताई, कार्डावर गाडी सुटली तर मी धंदा सोडतो." मी कार्ड तारेवरून काढलं. मधोमध टोचल्याचं भोक, एका कोपऱ्यात हळदीचं बोट. पण शिक्का स्वच्छ. गोल, काळा, जाम, १६ मे २०२५.

ऑफिसात खिडकीवर एक मॅडम होत्या. त्यांनी कार्ड हातात घेतलं, पुढून-मागून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे काय?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, आजोबांची जागा, तोंडी शब्द, तुमचा नियम. मागे रांग होती, पण कोणी कुरकुरलं नाही. उलट मागचा एक म्हातारा म्हणाला, "वाचा नं मॅडम, जोरानं वाचा." मॅडमनी वाचलं. 'तू समोरच्या टपरीवर चहा पीत उभी आहेस, तरी लिहितो,' इथं सगळी खिडकी हसली.

मग मॅडम उठून आत साहेबांकडे गेल्या. वीस मिनिटं. मामाजी, इतकी वीस मिनिटं मी बोर्डाच्या निकालालाही मोजली नव्हती. साहेब बाहेर आले, मला घेऊन आवारात गेले, गाडी उघडायला लावली आणि किलोमीटर वाचले. ६२,३९५. त्यांनी कार्डाच्या आकड्याशी वजाबाकी केली. नऊशे सत्त्याऐंशी. "जामच्या फेऱ्या किती केल्या?" माझ्या पेशंटच्या वहीत प्रत्येक फेरी तारखेसह लिहिलेली आहे; तुमच्याच घराची सवय. त्यांनी वही पाहिली, मनात बेरीज केली आणि म्हणाले, "पाच महिने फिरणारी गाडी हजार किलोमीटरच्या आत राहत नाही. आणि हा शिक्का काही एजंटाच्या टेबलावर मिळत नाही." मग कार्डाची झेरॉक्स फाइलला लावली आणि मूळ मला परत दिलं. "हे जपा. तुमच्या मामांना आमचा नमस्कार सांगा."

सांगितला.

त्याच दिवशी मी घरी बसून टॅक्स भरला. स्वतः, कोणाला मध्ये न घालता. मूळ बिल, गाडीचं वय, टॅक्सच्या दरांचा तक्ता, सगळं समोर ठेवलं आणि आकडा आधी कागदावर काढला. कॉम्प्युटरनं जो दाखवला तोच निघाला. एक रुपया दंड नाही. पावतीच्या दोन प्रती काढल्या, एक तारेवर. काचेजवळ आता काही ठेवत नाही.

गाडी सोडवून मी थेट जामला नेली. प्रभाकरराव पाच-सहा पावलं भिंत धरून दारापर्यंत आले. आता पुन्हा आठवड्यातून तीनदा.

गाडी सोडवली तेव्हा बंडूजी आवाराबाहेरच उभे होते. धंदा अजून सोडलेला नाही. पण मला चहा पाजला.

तुमची,
जागृती

*

(पोस्टकार्ड)

हैदराबाद
३ जुलै २०२५

चि. जागृतीस,

तुझे पत्र रोशनीने चार वेळा वाचले. चौथ्यांदा खालच्या मजल्यावरचे बंडारी कुटुंबही आले होते. त्यांना मराठी येत नाही, तरी हसले.

इथला उरलेला टॅक्स परत मिळण्याचा अर्ज दिला आहे. मी सांगितले, रोशनीने भरला, सही माझी.

एक गोष्ट लिहून मोडली, ती सलते. गाडी चालवत आणून देईन म्हणालो होतो. नवा नंबर लागला की कळव. ऐकून घेईन.

हे मी स्वतः लिहिले आहे. ओळी वाकड्या असतील.

प्रेमदास

*

(पोस्टकार्ड)

जाम
२९ ऑगस्ट २०२५

आदरणीय मामाजी,
जयभीम.

एमएच ३२. टॅक्स भरलेला. किलोमीटर ६५,९१०. सकाळचे साडेसात.

तुम्ही आणून देणार होतात, तर आता मी घेऊन येते. आई बाजूला बसली आहे, मांडीवर भाकरीचा डबा. नंबर मी आधी सांगणार नाही. नवी पाटी ठशाची आहे, आकडे पत्र्यातून वर उठलेले. दाराशी गाडी उभी करीन आणि गप्प बसेन. तुम्ही खाली या आणि बोटांनी वाचा.

कार्ड पेटीत टाकायला प्रभाकरराव निघाले आहेत. दुकानापासून पेटीपर्यंत चौतीस पावलं, हातात फक्त काठी. मंदाबाई मागून चालल्या आहेत, पण हात लावायची बंदी आहे.

हे तुम्हाला माझ्यानंतर तीन दिवसांनी मिळेल. तरी लिहिते. नियम तो नियम.

जागृती